फ्रान्सच्या राणीची पाठ

आमच्या दुकानात माणसाला तीनच मापं होती: लहान, मधलं आणि पैलवान. मोजायचा टेप भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला असायचा, पण तो अब्बा लग्नाच्या शेरवान्या शिवायचे त्या काळातला. मला कळायला लागल्यापासून त्याच्यावर धूळच बघितली. धंदा ड्रेपरीचा. शाळांची गॅदरिंग, गावोगावची हौशी नाटकं, गणपतीतले सजीव देखावे, अशा सगळ्यांना लागणारे कपडे आम्ही भाड्यानं द्यायचो. एकच अंगरखा या आठवड्यात पेठ वडगावच्या काटकुळ्या मास्तरांच्या अंगावर, तर पुढच्या आठवड्यात तालमीतल्या एखाद्या गड्याच्या अंगावर चढायचा. म्हणून प्रत्येक कपडा मागून उघडा, नाड्यांनी बांधायचा. पुढे मखमल, जर, टिकल्या. मागे साधा मांजरपाट. लोक समोर बसतात, तेव्हा पाठीवर खर्च करायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. "पुढनं राजा, मागनं मांजरपाट," असं अब्बा नव्या गिऱ्हाइकाला कपडा देतानाच बजावायचे, "स्टेजवर तेवढी पाठ दाखवू नका पावणं." कपडे टांगायचे तेही छाती बाहेर करून. दुकानात शिरलं की सगळे राजे, मावळे, साधू आणि वकील आपल्याकडेच तोंड करून उभे आहेत असं वाटायचं.

दुकानाच्या मागे पडदा, पडद्यामागे घर. पलीकडे अम्मीचा तवा आणि अलीकडे अब्बांचं मशीन, दोन्ही एकदम थांबले तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. दुकानासमोर चौक होता आणि चौकात आप्पांच्या म्हशी संध्याकाळी धारेला उभ्या राहायच्या. लोक ताज्या दुधासाठी पेला घेऊन कट्ट्यावर बसायचे, आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज आमच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. माझ्याकडे परत आलेल्या कपड्यांचं काम होतं. मुकुट आला का, त्याचे खडे जागेवर आहेत का, दाढीला डिंक तसाच आहे का, हे बघायचं, तुटलेल्या नाड्या बदलायच्या, हुक लावायचे. आज साठी उलटल्यावर मुलं माझ्या याद्यांची चेष्टा करतात. करू देत. ज्या घरात महाराजांची तलवार सापडत नाही म्हणून शनिवारी सकाळी सहा जण पलंगाखाली शिरलेले असतात, त्या घरात वाढलेलं माणूस यादी करणारच.

युरोप आमच्या घरात आला तो नेसरीकर सरांच्या पायांनी. ते हायस्कूलला इतिहास शिकवायचे. मूळचे नेसरीचे, गल्लीत खोली घेऊन एकटेच राहायचे. शाळा सुटली की चहा आमच्या दुकानात. अम्मीनं पडद्याआडून कपबशी आणि दोन बटर सरकवले की सर स्टुलावर बसून बटर चहात बुडवत कुठल्या तरी दरबारात शिरायचे. शाळेत ते सनावळ्या शिकवायचे, दुकानात माणसं सांगायचे. नावं आमच्या जिभेला पेलणारी नव्हती, म्हणून गल्लीनं त्यांची बारशी केली. मोठा वाजवणारा, पण पुढे कानच गेले, ते बहिरेबुवा. लढाईतल्या जखमी शिपायांमधून दिवा घेऊन फिरणारी नर्स, ती कंदीलबाई. सगळे पांढऱ्या केसांचे टोप घालून बसलेल्या दरबारात केसाळ टोपी घालून बिनधास्त शिरलेला अमेरिकेचा वकील, तो टोपीवाला पावणा. पॅरिसमध्ये घरच्या दिवाणखान्यात लेखक, पंडित जमवून त्यांना बोलतं करणाऱ्या श्रीमंत बायका असायच्या. एकाच वाराला, एकाच घरात, आणि कोण किती बोलणार हे घरची बाई ठरवणार. सरांनी हे सांगितलं तेव्हा अम्मी पडद्यामागून म्हणाली होती, "मग काय नवल? इथं चहा कोण देतंय म्हणून तुम्ही बोलताय सर?"

अब्बांना या सगळ्यात एकाच गोष्टीत रस. बहिरेबुवांच्या शेवटच्या मोठ्या मैफलीत ते लोकांकडे पाठ करून उभे होते, टाळ्यांचा कडकडाट झाला तरी त्यांना ऐकू येईना, शेवटी एका गायिकेनं त्यांना धरून लोकांकडे वळवलं, ही गोष्ट सरांनी सांगितली. मशीन थांबलं. अब्बांनी विचारलं, "म्हंजे तवर लोकांस्नी त्यांची पाठच दिसत हुती?"

"व्हय."

"कोट मागनं कसा हुता?"

"ते कुठं लिहिलंय दस्तगीर?"

"हितंच चुकतंय तुमचं. सगळ्या चित्रांत माणूस पुढनंच काढत्यात. ह्यो एवढा मोठा मुलूख, पण मागनं कसा दिसतोय ठावं न्हाय."

राजासमोरून जाताना दरबाऱ्यांनी पाठ दाखवायची नाही, उलटं चालत बाहेर पडायचं, हा तिकडचा रिवाज ऐकला तेव्हा मात्र अब्बा खूश. "बघा, त्यांचीबी ड्रेपरीच," म्हणाले.

मी दहावीला होते त्या वर्षी आमच्या मंडळानं फ्रान्सच्या राणीचा देखावा करायचं ठरवलं. पलीकडची गल्ली दरवर्षी हलणारा हत्ती नाहीतर उडणारा गरुड आणून गर्दी खेचायची, आणि आमचा तोच तो दरबार बघून लोक पुढे सरकायचे. मंडळाचे अध्यक्ष म्हशीवाले आप्पा. ते वैतागून म्हणाले, "कायतरी असं करा की माणूस जाग्यावर थांबला पायजे." सरांनी राणी सुचवली. क्रांती झाली, लोकांनी राजाराणीला कैद केलं, आधी राजाला आणि मग राणीला गिलोटिनच्या पात्याखाली दिलं. "त्यात काय बघायचं?" आप्पांनी विचारलं. सर म्हणाले, "ती चांगली राणी न्हवती आप्पा. उधळी हुती. पण मरताना बघा तिला. मला एवढंच पायजे, की आपला चौक एक मिनिट गप ऱ्हावा. एवढी वर्षं शिकवतोय, वर्गात एकदाबी गप बसले न्हाईत."

कामाला सुरुवात झाली. दरबाराचे दोन जुने मखमली पडदे उसवून अब्बांनी घेरदार झगा कापला. राणीच्या पांढऱ्या केसांच्या टोपासाठी दोर वळणाऱ्यांकडून केकताडाचा धागा आणला, पिंजून त्याचे कुरळे केले. टोपावर पावडर लागते, तिकडे चक्क पीठ टाकायचे असं सर म्हणाले. अब्बांनी सरळ पडद्यामागचा डबा उचलला. अम्मीचं माहेर आजरा. तो डबा मामांनी पाठवलेल्या घनसाळ तांदळाच्या पिठाचा. ती हातातलं उलथनं घेऊन दुकानात आली.

"खायाचं पीठ डोक्यात घालताय? घनसाळ?"

सर स्टुलावरून उठले. "भाभी, तिकडं नेमका ह्याच्यावरनंच लोकांचं डोकं फिरलं. पोटाला भाकरी न्हाय आन ह्यांच्या टोपावर पीठ."

"मग बरोबर केलं लोकांनी," अम्मी म्हणाली आणि डबा घेऊन गेली. टोपाला शेवटी चुन्याची भुकटी लावली. आजही शाळेतल्या नातीला फ्रेंच क्रांतीची कारणं पाठ करताना ऐकलं की मला अम्मीचं उलथनं दिसतं. अम्मीला एकाच वाक्यात समजलं होतं.

झगा माझ्या अंगावर घालून बघायचे. दुकानात दुसरं कोण होतं? पंधरा दिवस मी ती मखमल अंगावर घेऊन उभी, तोंडात टाचण्या धरलेले अब्बा माझ्याभोवती फिरतायत आणि सर स्टुलावरून राणीची हकिगत सांगतायत. चौदा वर्षांची असताना तिला परमुलखात लग्न करून दिलं. सरहद्दीवर एक तंबू उभारला होता. तिथे तिच्या अंगावरचे माहेरचे सगळे कपडे उतरवले, आतल्या कपड्यांपासून सगळे, आणि सासरच्या देशाचे चढवले. माहेरचं काही म्हणजे काही पुढे न्यायचं नाही.

"एक धागाबी न्हाय?" अम्मीचा आवाज.

"एक धागाबी न्हाय भाभी."

अब्बांच्या हातातली टाचणी तशीच राहिली. मला ती राणी व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं की रात्री डोळे मिटले की गिलोटिनच्या फळीवर चढायच्या पायऱ्या दिसायच्या. पण त्या काळी आमच्याकडे देखाव्यात बाईचं काम पोरंच करायची, आणि राणी कोण होणार हे आधीच ठरलं होतं. आप्पांचा दिलप्या. तालमीत जाणारा, दूध पिऊन तयार झालेला, माप पैलवान. त्यानं त्यासाठी नुकती फुटलेली मिशी काढली होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा मी धीर करून अब्बांना म्हटलं, "झगा मला बसतोय की." ते म्हणाले, "ड्रेपरी समद्यांस्नी बसतीया. म्हणून काय समदे राजे व्हत्यात?"

त्या वर्षी गटारासाठी गल्लीचं तोंड खणून ठेवलं होतं. दरवर्षी मांडव तिथे, मागे भिंत धरून असायचा. या वेळी देखाव्याचा कट्टा चौकाच्या मधोमध घातला. झगा शिवून झाला होता, टोप तयार होता, पात्याला चंदेरी कागद लावला होता, आणि चौकाला चार बाजू असतात हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. अब्बांनी आयुष्यभर समोरच्या प्रेक्षकांसाठी कपडे केले होते.

पहिल्या संध्याकाळी पडदा सरकला. सर माइकवर. राणी दिलप्या हात मागे बांधून पायऱ्या चढू लागला, आणि मागच्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांना नाड्यांच्या मधून त्याची बनियन आणि खाली खाकी हाफपँट दिसली. "राणीसाहेब, बनियन धुवा की!" असा पहिला आवाज आला. मग थांबायचं नावच नाही. "आरं, फ्रान्सची राणी कुठल्या तालमीची?" पुढच्या लोकांना कळेना मागचे का हसतायत, म्हणून तेही बघायला मागे धावले. सरांनी पुस्तकातून घेतलेला एक प्रसंग यात होता: फळीकडे जाताना राणीचा पाय चुकून जल्लादाच्या पायावर पडला आणि ती त्याला म्हणाली, माफ करा, मुद्दाम नाही केलं. दिलप्यानं लाजून, चिडून पाय असा आपटला की काळ्या बुरख्यातला जल्लाद, चहावाल्यांचा मारुती, "आयला दिलप्या!" म्हणून ओरडला. राणीचं डोकं उडालं तेव्हा चौक टाळ्या वाजवत होता. पलीकडच्या गल्लीतली पोरं खास हसायला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला कळलं. "बंद करू या दस्तगीर. हसली माणसं. एक बाई मरतीया आन लोक हसत्यात. माझीच चूक. कुठली राणी, कुठलं कोल्हापूर."

"चूक कापडाची हाय," अब्बा म्हणाले. "माझी हाय. पाठीला मखमल लावतो."

"मखमल कशाला? त्या दिवशी तिच्या अंगावर मखमल न्हवतीच. टोपबी न्हवता. केस कापलेले आन साधा पांढरा झगा. आप्पांस्नी झगमग पायजे हुती म्हणून मी गप बसलो."

मशीन थांबलं. "साधा पांढरा? म्हंजे मांजरपाट?"

"तसलाच कायतरी."

अब्बा उठले, भिंतीवरचा टेप काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "नसीम, हिकडं ये."

त्यांनी माझे खांदे मोजले. पाठ मोजली, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत. कंबर, दंड, मनगट. मी श्वास धरून उभी. तीन मापांच्या दुकानात मला चौथं माप मिळत होतं. अम्मी पडदा बाजूला करून उभी होती, तिनं काही विचारलं नाही. विचारलं ते आप्पांनी. बातमी लागताच धारा अर्धवट सोडून आले.

"दस्तगीर, पोरीला चौकात उभी करणार? लोक काय म्हणतील?"

अब्बांच्या आधी अम्मीच बोलली. "तुमच्या पोराला पोरगी करून उभा केला तवा लोक काय म्हणाले ते ऐकलं की काल. आता खरी पोरगी बघू देत."

आप्पा मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण मनाचा मोकळा. हसला. म्हणाला, "भाभी, तुमच्या तोंडाला लागायचं म्हंजे पात्याखाली मान द्यायची," आणि परत धारेला गेला. मिशी गेलेल्या दिलप्याला पडदा ओढायचं काम मिळालं. त्याचं त्याला बरंच वाटलं असावं.

दुपारभर मशीन चाललं. अब्बांनी नव्या मांजरपाटाचा झगा शिवला, आणि त्याला नाड्या लावल्या नाहीत. मागचे दोन्ही पल्ले माझ्या मापावर जोडले, कापडाचीच गुंडाळलेली बटणं केली आणि मणक्यावरून खाली एका ओळीत बसवली. झगा घातला तेव्हा पाठ अशी सपाट बसली की कुठे चुणी नाही. अम्मीनं बटणं लावली, माझी वेणी पांढऱ्या टोपीत दाबली आणि दाराशी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. घाबरलेल्या माणसाला गूळ द्यायचा, हे तिचं औषध.

संध्याकाळी चौक कालच्यापेक्षा भरलेला. हसायला आलेले जास्त. पडदा सरकला. मारुतीनं माझे हात मागे सुंभानं बांधले होते, पण पोरीचा हात म्हणून सैल. मी पायऱ्या चढायला लागले. मागून शीळ येईल म्हणून कान टवकारलेले. आली नाही. पुढून कुणीतरी म्हणालं, "दस्तगीरमामूची पोरगी हाय," आणि दुसऱ्यानं त्याला "गप" केलं. वर पोचले, फळीकडे वळले आणि पाय घालायचा होता तिथेच घातला, पण तोल गेला, आणि पूर्ण भार मारुतीच्या अनवाणी पायावर पडला. त्याचा पाय थरथरलेला मला तळव्याला कळला.

त्यानंतर जे झालं ते ठरवून केलं नाही. आमच्या गल्लीत, हिंदूच्या घरी असो की आमच्या, कुणाला पाय लागला तर लगेच वाकून हात लावायचा आणि तो आपल्या छातीला लावायचा. हे बोलायला लागायच्या आधी शिकवतात. माझा उजवा हात सैल सुंभातून निघाला, मी वाकले, जल्लादाच्या पायाला हात लावला आणि छातीशी नेला. आणि वरून काळ्या बुरख्यातला मारुतीही तसाच झटकन वाकला, त्यानं माझ्या दंडाला हात लावून आपल्या छातीशी नेला. त्याच्या हातून मला मारलं जायचं होतं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागितली होती. मग मला भान आलं. मी हात परत मागे नेला, आणि त्यानं तो परत बांधला. या वेळी घट्ट.

सरांनी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. माइकमधून फक्त श्वास येत होता. चौकातही आवाज नाही. आप्पांच्या शेवटच्या म्हशीची धार बादलीत पडत होती, ती ऐकू येत होती, आणि मग तीही थांबली. आप्पा धार थांबवून बघत होते. मी फळीवर मान ठेवली तेव्हा माझी पाठ चारी बाजूंना दिसत होती.

खाली उतरल्यावर मी सरांकडे बघायचं टाळत होते. पुस्तकातली राणी तोंडानं माफी मागते, ती वाकत नाही. सर आले, चष्मा पुसत उभे राहिले. म्हणाले, "हे असं कुठं लिहिलेलं न्हाय." मी मान खाली घातली. "उद्याबी असंच कर," म्हणाले. मी उरलेल्या सगळ्या दिवशी तसंच केलं. लोक पलीकडच्या गल्लीतला गरुड बघून परत आमच्याकडे यायचे. बक्षीस गरुडालाच मिळालं, ते सांगायला हवं. पण सर दुसऱ्या दिवशी चहाला आले आणि त्यांनी चार बटर खाल्ले.

त्यानंतर मी कॉलेजला गेले, इतिहास घेतला, पुढे दुकानच सांभाळलं. सर, अब्बा, आप्पा, कुणीच आता नाही. अम्मीचा तवा माझ्याकडे आहे. दुकानातला सगळा माल आता मी कॉम्प्युटरवर चढवलाय: वस्तू, माप, भाडं, कुठे गेली, कधी येणार. एका ओळीत भाड्याचा रकाना मोकळा आहे. माझ्या मांजरपाटाच्या त्या झग्याला किती शाळांनी मागणी केली असेल! अब्बांनी दोन-तीनदा पोरींच्या अंगाला लावूनही बघितला. एकीच्या खांद्यावर ताणला, दुसरीच्या कमरेत लोंबला. नाड्या लावल्या असत्या तर कुणालाही बसला असता, पंधरा वर्षं भाडं आलं असतं. मी एकदा तसं म्हणालेसुद्धा. मला धंदा कळायला लागला होता. अब्बांनी झगा माझ्या हातातून घेतला. "त्यो एकाच अंगाचा हाय," म्हणाले, आणि परत टांगला.

आता तो मलाही होत नाही. बाकी सगळा माल अब्बांच्या पद्धतीनं, छाती बाहेर करून टांगलेला असतो. फक्त तो एक झगा ते उलटा टांगायचे, आणि मीही तसाच टांगते. दुकानात शिरणाऱ्याला राजांच्या आणि मावळ्यांच्या गर्दीत आधी तीच दिसते: मांजरपाटाची पाठ, आणि तिच्यावरून सरळ खाली आलेली बटणांची ओळ.